मोजणीची वही

मोजायचं नसतं, असं ठरलेलं होतं.
चपला पायथ्याशी, कुऱ्हाड घरी,
आणि वर गेल्यावर कुठल्याच झाडाकडे बोट करायचं नाही.
बोट केलं की झाड माणसाला ओळखून ठेवतं,
म्हणायची जुरी लेकामी,
मग रात्री खोकला येतो.

कोसमपहाडीवर पेन राहतो.
देऊळ नाही. तीन दगड, येनाचं एक बुड,
मागल्या पंडुमची मोरपिसं.

वैशाखात खाली जीप आली.
माणसं चांगली होती, पाणी मागून प्यायली,
जाताना पायथ्याच्या बिज्यांवर पिवळे आकडे टाकून गेली.
एक ते चाळीस.
डोंगराच्या पोटात काय आहे
ते त्यांना आमच्याआधी कळलं होतं.

त्या रात्री गोटुलात ग्रामसभा.
मी सातवी नापास, पण अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडे.
दावा टाकायचा तर यादी लागते, मी म्हणालो.
झाडं किती, घेर किती, वापर काय.
कोणी बोललं नाही.
दुल्सा गायता विस्तव उकरत बसला.
"त्याईनं मोजलं ते नेयाले.
आपुन मोजू ते ठेवाले.
पेनाले इचारतो."

तीन दिवस कोंबडीने दाण्याला चोच लावली नाही.
चौथ्या दिवशी टिपले.

मग पोरं दोरी घेऊन चढली,
येन, चार, टेंभुरण, मोह, ओरडत.
जुरी मूठ आवळून चालायची,
झाड दाखवायचं तर हनुवटीने.
या येनाचा वापर काय लिहू, विचारलं
तर त्याखाली जन्मलेल्या पाच जणांची नावं सांगितली तिने.
लिहिली. रकाना पुरला नाही,
समासात शिरलो.

पिवळे आकडे बायकांनी शेणमातीने लिंपले,
अंगण सारवावं तसे.

दावा तालुक्याला पडून आहे.
राखणीची पाळी मात्र चुकत नाही,
रोज दोन घरं, एक काठी, एक बॅटरी.
आज मी आणि बिरजू हिचामी.

दोन हजार एकशे सहा झाडं आहेत वहीत.
एक नाही.
एक सोड, म्हणाला होता गायता,
कोणतं ते मलाही नको सांगू.
मी सोडलं. त्याच्याजवळून जाताना
खाली बघतो.

बोट केलं नव्हतं मी.
तरी कधी कधी रात्री खोकला येतो.
जुरीला सांगितलं तर
तोंडावर पदर धरून हसते.