फाइलसोबतची चिठ्ठी

क्विंतेलाबाई,
गिरणी पाठवते आहे.
एकसष्ट ठाणी, तीनशे कोटी ठिपके.
उघडायला वेळ लागेल, तोवर हे वाचा.

कोविल्हा चढावरचं गाव. लिस्बनहून नकाशात सपाट दिसलं असेल.
ओढ्याकडच्या दारातून शिरलात तर तळमजला,
रस्त्याकडच्या दारातून शिरलात तर एकदम तिसरा.
पहिल्याच सकाळी दोन बॅटऱ्या थंडीनं मेल्या.
किल्ल्या आदेलिनोकडे असतात, सतरा, एकीवरही खूण नाही.
त्यानं बॅटऱ्या कोटाच्या आत बगलेत धरल्या
आणि अर्ध्या तासानं जिवंत करून दिल्या.

यंत्र तीन पायांवर उभं राहतं, डोकं फिरवतं,
प्रकाश सोडतं, तो किती वेळात परतला ते मोजतं.
एवढंच. भिंतीला बोटही लावत नाही.
आदेलिनो म्हणाला, म्हणजे आंधळ्याची काठी, लांब केलेली.
मला परीक्षेतसुद्धा इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

काच त्याला कळत नाही. साचलेलं पाणी कळत नाही.
रंगखात्यातल्या हौदांनी प्रकाश गिळला, परत दिलाच नाही;
तिथे तुम्हाला भोकं दिसतील.
ती भोकं नाहीत. नीळ आहे,
पिढ्यान्‌पिढ्यांची, बोटभर जाड, काळी पडलेली.

आणि प्रत्येक ठाण्यावर यंत्राच्या थेट खाली
परातीएवढं वर्तुळ कोरं राहतं.
दिव्याखाली अंधार असायचाच, पण आमच्या धंद्यात त्याला उपाय आहे:
यंत्र उचलायचं, सहा पावलांवर मांडायचं,
पुढचं ठाणं मागच्याचा अंधार भरतं, मागचं पुढच्याचा.

आता तिसरा मजला, मागांचा हॉल.
तुम्ही लिहिलं होतं, जमीन सपाट धरून चालू.
धरू नका.
उंचीला रंग दिले मी, तांबडा वर, निळा खोल,
तर रात्री साडेअकराला, हॉटेलच्या खोलीत,
पडद्यावर निळे डाग उठले.
दोन रांगा. सारखं अंतर. जोडीजोडीनं, पावलाएवढे.
नऊ मिलिमीटर. एक-दोन अकरा.
यंत्राची चूक म्हणून झोपून गेले.
सकाळी लाकडावर सूत ताणलं, पट्टी लावली.
नऊच.

आदेलिनोला पडदा दाखवला.
त्यानं चष्मा पुसला, परत पुसला,
मग काचेपासून जरा दूर धरून बोट नेत गेला:
ही ओतिलिया. ही तिची जाऊ, दोघी बोलत नव्हत्या.
ही डावखुरी, म्हणून डावा खोल.
इथे काही नाही ना? इथे कुणी टिकायचंच नाही, खिडकीचा वारा.
सातव्या जोडीपाशी बोट थांबलं.
नाव घेतलं नाही.
तो उजवा, म्हणाला. माझ्या वेळी आठव्या महिन्यापर्यंत
तिथेच उभी होती.

मग विचारलं, भरणार का हे?
मी म्हटलं, नकाशात तीस मिलिमीटरचा थर आहे,
त्यावर फरशी. विद्यार्थी राहायला येणार आहेत.
हं, म्हणाला. बूट काढून ठेवले का काय, मी पाहिलं नाही,
मी दाराशी शेवटचं ठाणं लावत होते.

कुणी मध्ये यायचं नाही असं बजावलेलं असतं.
माणूस चालत गेला तर नुसता फराटा उमटतो, पुसायला सोपा.
हा मध्ये जाऊन उभा राहिला.
तीन मिनिटं लागतात फेऱ्याला.
तीन मिनिटं हलला नाही.

ठिपके साफ करताना मी कबुतरं काढली,
माझी पिशवी, थर्मास, जिन्यातलं मांजर, सगळं काढलं.
एकसष्टाव्या ठाण्यात तो आहे अजून.
कोटाची बटणंसुद्धा मोजता येतात.
पाठ नाही त्याला, एकाच बाजूनं पाहिला गेलाय.
छेद काढताना तुम्हाला तिथे आधाराचा खांब वाटेल,
म्हणून कळवते.
खांब नाही.

बिल वेगळं येईल.
बॅटऱ्यांचे पैसे लावलेले नाहीत.

— इरिया