चौथी मूठ

ज्यांचा देव नाही, त्यांच्या मातीला बोलायचं,
हा माझा धंदा.
आधी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. शाळा बंद झाली,
बेटावर मुलं उरली नाहीत, म्हातारे उरले.
इथे, एस्टोनियाच्या या टोकाला, पास्टर एकच,
आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाईक मला जास्त.

आदल्या दिवशी वही घेऊन घरी जाते.
जन्म कुठला, नोकरी कसली, हट्ट कोणते.
"आणि देवाधर्माचं काही?"
हे अगदी शेवटी विचारते,
कुठल्या औषधाचं वावडं आहे का, असं डॉक्टर विचारतात, तसं.

"छे," वाल्दुर म्हणाला. "मायमूला नाही चालायचं.
तिच्या लहानपणी चर्चात सातूची पोती असायची,
सामुदायिक शेतीचं कोठार होतं ते.
म्हणायची, तिथे गाऱ्हाणी फक्त उंदरांची ऐकली गेली."
मी लिहून घेतलं. वाक्य वापरता येण्यासारखं होतं.

फेब्रुवारी. जमीन लोखंड झालेली.
खड्डा खणणाऱ्यांनी दोन दिवस निखारे पसरून ती मऊ केली.
मी बोलले: एकतीस वर्षं माशांच्या कारखान्यात,
डोळे मिटून हेरिंग साफ करायची,
धुक्यात अळंबी शोधायला गेली तरी कधी हरवली नाही,
नवऱ्याला बुद्धिबळात हरवून वर चहाही त्यालाच करायला लावायची.
लोक हसले. उंदीरही चालून गेले.
मग माझे कागद संपले
आणि वारा तेवढा राहिला.

ही जागा मला कधीच जमलेली नाही.
पास्टरकडे इथे एक शब्द असतो.
मी चष्मा पुसते.

वाल्दुरने पत्र्याची बादली पुढे केली.
वाळू.
हात घातला तर कोमट.
"रात्रभर चुलीपाशी ठेवली होती," तो पुटपुटला, चोरी पकडल्यासारखा,
"गोठली असती, म्हणून."

प्रत्येकाने तीन मुठी टाकल्या.
कुणी मोजल्या नाहीत, कुणी चुकलंही नाही.
नात, सहा वर्षांची तेएले, तिने तीन टाकल्या
आणि पुन्हा बादलीत हात घातला.
"तीनच," आई कुजबुजली.
"का?"
आईने आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी माझ्याकडे,
मी, भौतिकशास्त्र शिकवलेली बाई, रिकाम्या झाडांकडे.
तोवर चौथी मूठ पडली होती.
पेटीवर आवाज झाला, आधीच्यांइतकाच.
तरी चाळीस माणसांचा श्वास अडकलेला मी ऐकला,
चाळीस माणसं, त्यांतलं एकही काही मानणारं नाही.

वाल्दुर वाकला. गुडघे वाजले.
त्यानेही चौथी टाकली,
पोरीची एकटी पडू नये म्हणून.
मग त्याचा भाऊ. मग कारखान्यातल्या बायका, रांगेने,
बादली खरवडेपर्यंत.

पैसे मी घेतले, पाकिटात, नेहमीचेच.
धर्म लागतो का माणसाला, असं मला कुणी विचारलं
तर माझं एक ठरलेलं उत्तर आहे,
मुद्देसूद, दोन उदाहरणांसह.
गाडी चालवताना ते आठवेना.

परवा पुन्हा एक आहे, बंदराजवळ, म्हातारा कोळी.
त्याचा मुलगा फोनवर म्हणाला, साधंच करा.
म्हटलं, वाळू रात्री कुठे ठेवणार?
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, चूल नाही आमच्याकडे, रेडिएटर आहे.
चालेल, म्हटलं.