हॅट अजून वर

फाइलवरचं नाव सांगणार नाही. वय त्रेपन्न.
स्टेजवरचं नाव, समजा, डीकन स्लेट.
टोलीडोत, डॉर स्ट्रीटवर,
चष्म्याच्या दुकानाशेजारी माझं दोन खोल्यांचं क्लिनिक.
तो आत आला तेव्हा रिसेप्शनवरची लोरेटा उठून उभी राहिली,
आणि ती कोणासाठी उभी राहत नाही.

कपाटाएवढी बंद खोली. हेडफोन.
शिट्टी ऐकू आली की बटण दाबा.
पाचशेला दाबलं. हजारला दाबलं.
दोन हजारला जरा थांबून.
चार हजारला मी आवाज वाढवत गेले, वाढवत गेले,
तो काचेपलीकडून माझ्याकडे बघत होता
शहाण्या मुलासारखा, बटणावर अंगठा ठेवून,
परीक्षा सुरू व्हायची वाट बघत.

तीस वर्षं गुडघ्याशी स्पीकर.
स, श, फ गेलेले.
ते तो समोरच्याच्या ओठांवरून उचलतो.

त्याच आठवड्यात अल्बम आला.
बारा गाणी, सगळा ट्रॅप.
खाली पोटात घुमणारा बास
आणि वर हाय-हॅट, तापल्या तेलात मोहरी टाकून
कोणी झाकण ठेवायला विसरावं तशी.

शिकागोच्या एकानं लिहिलं, पुतण्याचे बूट घालून आलेला काका.
दुसऱ्यानं लिहिलं, जुन्या डीकनच्या ओळीत
पाय ठेवायला जागा असायची.
दहापैकी चार पॉइंट एक.
हा पॉइंट एक कशाचा, मला नेहमी प्रश्न पडतो.
हॅटवर सगळ्यांनीच बोट ठेवलं. कर्कश. कानात टाचण्या.
आई म्हणाली असती, कानामागून आली आणि तिखट झाली.
आणि एकानं, हुशार असावा, शेवटच्या ओळीत:
हा माणूस हल्ली स्वतःला ऐकत नाही.

मी डबा तसाच बाजूला ठेवला.
आलेख माझ्या कपाटात, कुलपात.

हॅटचं त्यानंच सांगितलं, दुसऱ्या भेटीत, सहज.
बीट करणारा केव्हॉन्टे, तेवीस वर्षांचा.
हा म्हणायचा, हॅट वर घे. अजून वर. अजून.
पोरगा घेत गेला.
ज्याचा फोटो बापाच्या गॅरेजात लावलेला,
त्याला नाही कसं म्हणायचं?

त्या रात्री घरी मी एक केलं.
आलेख आठवून तेवढ्या पट्ट्या खाली ओढल्या,
दोन हजारची थोडी, चार हजारची जवळजवळ तळाशी,
आणि अल्बम पुन्हा लावला.
मोहरी गेली.
बास उरला, मॉमी नदीवर रात्री बर्फ तडकतो तसा, लांबचा,
आणि त्याचा आवाज,
कडा झिजलेला, काचकारखान्यातल्या भावाबद्दल बोलणारा,
कुठे जायची घाई नसलेला.
हॅट म्हणजे नुसतं पलीकडच्या खोलीत
कोणीतरी शिवणयंत्र चालवतंय.
हा अल्बम त्यानं केला होता.
तो कोणाच्या हाती पडलाच नव्हता.
मला मिळाला, आणि मी काही समीक्षा लिहीत नाही.

मार्चमध्ये यंत्रं बसवली, राखाडी, शेंगदाण्याएवढी.
त्यानं खिशातली पावती चुरगळली.
उलगडली. पुन्हा चुरगळली.
"तुमच्या बांगड्या," म्हणाला, "आधीपण वाजायच्या?"

मग गाडीत जाऊन बसला. काचा बंद.
नंबरप्लेट थरथरत होती,
वायपर कोरडेच चालू राहिलेले.
एक्केचाळीस मिनिटं.
लोरेटानं दोन पेशंटना कॉफी देऊन बसवून ठेवलं.

परत आला, टोपी हातात.
"पाचव्या गाण्यात ते लोक बरोबर आहेत."
मी थांबले.
"बाकी अकरांत नाहीत."
मग विचारलं, ही बॅटरी किती दिवस जाते,
आणि आंघोळीला काढून ठेवायची का.