नदीच्या अलीकडे, तिरमिझ

एशमुरोदची गाडी मातीच्या टेकाडापाशी थांबते.
तो आत येत नाही. अकरा वर्षं माणसं आणतोय इथं,
जपानी, कोरियन, एकदा श्रीलंकेचे सात भिक्खू,
आणि स्वतः बोनेटला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलतो.
"मातीच तर आहे," म्हणतो, "माती माझ्या घरीही आहे."

खरंच मातीच आहे.
कोठड्यांच्या भिंती गुडघाभर उरलेल्या,
जेवणघरात सरड्यांची ये-जा.
उंबरे ओलांडताना मी उगाच जपून पाय टाकतो,
आत कुणी झोपलं असेल तर.

खाली तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे आमू,
दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाची,
आणि आमूपल्याड अफगाणिस्तान.
तेच ऊन, तीच धूळ; धुळीला फक्त परवाना लागत नाही.
दक्षिणेचा वारा सुटला की
तिकडची जमीन इकडच्या पापण्यांवर येऊन बसते.

राखणदार बाईचं नाव ओयसुलुव. कमरेला किल्ली.
ती दार उघडते
आणि नव्या घुमटाच्या पोटात जुना स्तूप,
बुटका, पोपडे निघालेला,
पालथ्या घातलेल्या रांजणासारखा.

एशमुरोद आज आत आला. बहुधा वाऱ्यामुळे.
टोपी झटकत त्यानं विचारलं,
"ह्याच्या आत काय असतं?"
गेलेल्या माणसाचं थोडंसं काहीतरी, मी म्हटलं.
हाड. राख. कधी नुसता दात.
"एवढ्याशा दातासाठी एवढं बांधतात?"
बांधतात. मग भोवती फिरतात.
तो गप्प. बिया खिशातच राहिल्या.

परतताना हॉटेलचं वळण त्यानं घेतलंच नाही.

अंगणात जर्दाळू, तंदूर, टिपकणारा नळ.
आतल्या खोलीत, खिळ्याला, दोऱ्यात ओवून
एक गोल नान. दगड झालेला.
कडेचा एक घास तोडलेला.

रीत आहे इथली: पोरगा पलटणीत निघाला
की ताज्या नानाचा एक घास त्यानं खायचा,
उरलेला भिंतीवर. परत आल्यावर संपवायचा.
थोरला, नोरबोय, एकोणीस वर्षांचा,
ह्याच नदीवरून पलीकडे गेला, त्र्याऐंशी साली.
तेव्हापासून भिंतीला तीनदा चुना लागला.
खिळा तोच.

आई नव्वदीला आलेली. फारसं दिसत नाही.
नवरोजच्या आदल्या दिवशी ती नान उतरवते,
ओढणीच्या टोकानं पुसते,
दातांच्या खुणा आहेत तिथं मात्र
पुसत नाही, फुंकते.

मला हिरवा चहा दिला, पियाला अर्धाच भरून.
"आज काय पाहिलं?" तिनं विचारलं.
मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात
एशमुरोदच बोलला, बराच वेळ.
काय ते मला कळलं नाही.
तिनं मान हलवली, आणि माझ्याकडे नव्हे,
भिंतीकडे पाहिलं.

दार डाव्या हाताला होतं, दोन पावलांवर.
मी सबंध खोलीला वळसा घालून निघालो,
खिळा उजवीकडे ठेवत.