वजन

तीन वर्षं ती दाढ माझ्याकडंच होती.
भिजवलेली पानं ओल्या बारदानात गुंडाळली
की वर काहीतरी जड लागतं,
नाहीतर कडा वाळतात, वळताना विडी फाटते.
वरवंटा एकदा पायाच्या बोटावर सुटला,
तेव्हापासून हीच.
काळी, मुठीत न मावणारी,
माथ्यावर झिजलेल्या तीन पाकळ्यांची नक्षी.
मला वाटायचं, कुठल्या तरी देवळाचा टवका.

अंबादास सुट्टीदिवशी सायकल काढायचा.
वडकबाळच्या पुलाखाली, सीनेच्या कोरड्या पात्रात,
वाळू उपसून गेलेल्या खड्ड्यांच्या कडेकडेनं
मान खाली घालून, जणू सुट्टे पैसे सांडलेत.
बारा तास मागावर तुटका धागा हुडकणारा डोळा,
त्याला सुट्टी कुठली?
एकदा वाळूचोर म्हणून धरला.
पिशवीत निघाली हाडं, शिंपले, एक शिंगाचं बूड.
हवालदार म्हणाला, काय बे, मसणवटा उपसतो का?
सोडताना चहा पाजला म्हणे.
खरं-खोटं त्यालाच माहीत.

मग मोमीन सर आले, रात्रशाळेतले,
मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन.
चहा निवला तरी बघतच राहिले माझ्या बारदानाकडं.
ताई, पानांवर काय ठेवलंय?
चष्मा पुसला, हातात घेतली, खाली बसले.
पाणघोडा, म्हणाले. हजारो वर्षं झाली असतील.
अंबादासनं घरच्या भाषेत मला सांगितलं: नीटि गुर्रम.
मी इतकी हसले की सुपातली तंबाखू सांडली.
सोलापुरात?
जिथं नळ चौथ्या दिवशी येतो,
तेही रात्री दोनला, तिथं पाण्याचा घोडा?

पुण्याचा एक माणूस वीस हजार द्यायला तयार झाला.
माझ्या हिशोबानं एक लाख विड्या.
त्या महिन्यात कारखाना बंदच होता,
मालकानं माग भंगारात काढायचं चालवलेलं.
रात्रभर अंबादास पंख्याकडं बघत पडला.
पहाटे मला विचारलं. लग्नाला एकोणीस वर्षं,
काहीतरी विचारल्याची ही पहिलीच वेळ.
मी म्हटलं, तुझी वस्तू, तू बघ.
(आता वाटतं, माझीही होती थोडी.)
तो म्हणाला, पैसे दोन महिन्यांत जातील,
मग दाखवायला काय राहील?
दाढ धुतली, पुसली,
छाट निघालेल्या टॉवेलात बांधली.

कॉलेजच्या संग्रहालयात एक तरुण बाई होती.
तिनं दाढ उजेडात धरली, फिरवली, भिंग लावलं.
माझ्या पोटात गोळा.
ब्रँचमधला चेकरही अस्संच करतो,
जुडी फिरवतो, नाक मुरडतो,
आणि शंभरातल्या दहा छाट म्हणून फेकतो.
हिनं फेकली नाही.
खाली मऊ कापूस घातला.

मग जाडजूड रजिस्टर.
दात्याचं नाव: अंबादास राजय्या गड्डम.
व्यवसाय विचारला तेव्हा तो अडखळला.
माग कामगार, मीच सांगितलं.
कुठं सापडली, किती खोल, कोणत्या थरात,
तो बोलत होता आणि ती ऐकत होती,
मालकासमोर त्याची एवढी वाक्यं मी कधी ऐकली नव्हती.
शेवटी ती पुटपुटत लिहायला लागली:
एका बाजूस तपकिरी डाग, बहुधा लोहाचा…

बाई, तो पानाचा आहे.

पेन थांबलं.
टेंभुर्णीच्या पानाचा, मी म्हटलं, तीन वर्षांचा.
माझ्या बोटांना बघा, तोच रंग.
तिनं माझी बोटं बघितली. खरंच बघितली.
आणि लोह खोडून तेही लिहिलं.
नाव विचारलं. राजमणी, मी म्हटलं,
तर आडनावाला थांबली नाही, तेवढंच लिहिलं.

घरी आलो तेव्हा पानं उघडीच.
वीट ठेवून बघितली, बारदान टोचतं.
वरवंट्याला मी हात लावत नाही.
रात्री दोनला नळ आला.
पाच लिटरचा कॅन काठोकाठ भरला,
झाकण घट्ट केलं, ठेवला पानांवर.
बसतो नीट.
रस्त्यावरनं ट्रक गेला की
आतलं पाणी जरासं हलतं.