मृत वेळ, बावीस टक्के

जाळं टाकायच्या आधी दौलत बावणेनं
एक बाटली भरून दिली, गोरेवाड्याच्या मधोमधून.
"पाणीच न्याचं होतं तं नळाचं न्याचं ना मॅडम,
थे बी इथूनच जाते."
मग वल्ह्यावरचं शेवाळ अंगठ्यानं खरवडलं
आणि माझ्यासमोर धरलं, "याचं बी वजन करता का?"

करते. म्हणजे याचं नाही,
याच्यातल्या एकीचं.

काचेची नळी ज्योतीवर ओढून केसापेक्षा बारीक केली,
श्वास धरून एक पेशी उचलली.
निसटली.
सकाळपासून अकरा, त्यांतल्या चार कामाच्या.
धुवायचं, पण फार नाही;
काकडीला मीठ लावल्यावर सुटतं तसं
आतलं पोटॅशियम सुटून जातं.
कमी धुतलं, तर पेशीऐवजी तलावच मोजला जातो.

बुटीबोरीहून शकूर नायट्रोजन घेऊन आला.
बाहेर सेहेचाळीस, त्याच्या डब्यात उणे एकशे शहाण्णव.
"रस्त्यातच आधा उड गया," म्हणाला,
आणि माझ्या माठातलं पाणी दोन पेले प्यायला.

सर पूर्वी बादलीभर पाणी गाळून जाळायचे.
जिवंत, मेलेलं, चिखल, माशांची घाण,
सगळ्यांचा मिळून एक आकडा.
सावजी रस्सा आणि साबुदाण्याची खिचडी
एकाच ताटात कालवून
चव विचारावी, तसा.

आता अंधार करून बसते.
पोकळीत हवा नाही, पाणी नाही,
इलेक्ट्रॉनचा झोत एकीवर स्थिर होतो
आणि तिच्यातलं एकेक मूलद्रव्य हजेरी देतं:
सोडियम पुटपुटल्यासारखं,
मॅग्नेशियम त्याच्या जरा पुढे,
फॉस्फरस दोन पूर्णांक शून्य एकला, ठरलेल्या बाकावर.
जाळीचं निकेल सगळ्यांत मोठ्यानं ओरडतं,
त्याला कोणी विचारलेलं नसताना.

पहिल्या दोघी एकाच थेंबातल्या, एकाच जातीच्या.
एकीत फॉस्फरस ठासून भरलेला,
लग्नघरच्या कोठीसारखा.
दुसरीत शिखरच नाही.
खालच्या गवतात एक उंचवटा,
तोही बहुधा मला दिसावासा वाटला म्हणून.
सरासरी काढली असती
तर दोघीही बऱ्या निघाल्या असत्या.

तिसरीत अॅल्युमिनियम.
आणि सिलिकॉन, जे हिच्यात असायचं कारण नाही;
काचेच्या घरात राहणारी जात वेगळी,
ही नुसती हिरवी, मऊ.
खिडकीतून उत्तरेला कोराडीच्या चिमण्या दिसतात.
गच्चीवरच्या चादरी झटकताना हाताला लागते
त्या पुडीतही हीच दोन नावं असतात.
पण मातीतही असतात. साध्या, काळ्या मातीत.
पेशीच्या आत आहे, की वर चिकटलंय?
झोत आरपार जातो.
वाटेत काय कुठे होतं, ते सांगत नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असतो:
मृत वेळ, बावीस टक्के.
एक किरण मोजण्यात गुंतलेल्या यंत्राला
मागून आलेला दुसरा दिसत नाही;
शंभर सेकंद मोजायला
घड्याळाची एकशे अठ्ठावीस लागतात.
हे निदान सांगतं तरी,
किती वेळ आंधळं होतं.
मी अकरा वर्षं त्या तलावाचं पाणी पितेय
आणि दौलतच्या मुलाचं नाव
मला आज कळलं, बाटलीवरच्या चिठ्ठीतून.
अक्षर त्याचं होतं.

झोत बंद केला. पेशीच्या जागी
एक काळपट चौकोन, माझ्याच हातचा.

मंगळवारी दौलत विचारेल, काय निंगालं.
मी टक्के सांगू लागेन
आणि तो मध्येच तोडेल,
"थे राहू द्या. मासोयी खाची का नाही, थे सांगा."

वहीत तिसरीपुढे प्रश्नचिन्ह केलं.
पुसलं. परत केलं.
चौथी लावली.