आस

जोआलच्या किनाऱ्यावर न्देलाच्या भट्ट्या
मंगळवारपासून थंड आहेत.
राखेत कोंबडी निजते.

तिचा दीर जोगॉय जाळं विणतो.
त्याच्या बापाच्या जाळ्याची आस
तीन बोटं आरपार जातील एवढी होती,
त्याच्या पहिल्या जाळ्याची दोन.
आता करंगळीही अडते.
एवढी बारीक आस धरून
माणूस किती दिवस जगतो,
हे तो विचारत नाही. गाठ मारतो.

रात्री क्षितिजावर दिवे लागतात.
लहान मुलांना वाटतं, तिकडे गाव आहे.

काल एक होडी आली. याबॉय मासळी, बोटभर,
अजून एकदाही अंडी न धरलेली.
बायकांनी टोपल्या उचलायच्या आत
पिठाच्या कारखान्याचा ट्रक
चाकं वाळूत रुतवून उभा.
त्या पिठावर कुठल्याशा गार पाण्यात
दुसरे मासे पोसतात म्हणे,
गुलाबी मांसाचे.
न्देला हसली, "माशाला जेवू घालायला
आमचंच ताट सापडलं?"

ट्रकमागे सांडलेले सात तिने वेचले.
मीठ मात्र सवयीने
शंभरांचं काढून ठेवलं होतं.